मुका मार, परका मुलूख

मराठीत 'मुका मार' असा एक अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. ज्या माराने कातडे फाटत नाही, रक्त येत नाही, ज्याची खूण डोळ्यांना दिसत नाही, तो मुका मार. जुनीजाणती माणसे अशा माराला उघड्या जखमेपेक्षा अधिक भितात. उघडी जखम आपण होऊन बोलते. तिच्यावर हळद दाबता येते, पट्टी बांधता येते, ती भरत आली की चिघळली हे पाहता येते. मुका मार आपले म्हणणे कोणाला सांगत नाही. तो पाठीला किंवा मांडीला बसला तर निदान ज्याला बसला तो माणूस कण्हून सांगतो. पण तोच डोक्याला बसला म्हणजे विलक्षण अवस्था होते. कोठे दुखते आणि किती, हे ज्याने ओळखावयाचे आणि जिभेकडून वदवावयाचे, त्या मेंदूलाच हादरा बसलेला असतो. साक्षीदारच गोंधळलेला, मग साक्ष द्यावी कोणी?

घरी असे घडले तर ती साक्ष घरची माणसे देतात. मुलाने ताटावरून अर्ध्यातच हात झटकला, तोच प्रश्न त्याने तिसऱ्यांदा विचारला, भलत्याच वेळी त्याला झोपेची गुंगी आली, हे आईच्या चटकन ध्यानात येते. कारण त्याचे एरवीचे वागणे तिला पाठ असते. परमुलखात हा आधार नसतो. तेथील खोलीसोबत्याला, घरमालकाला किंवा कचेरीतील सहकाऱ्याला त्या माणसाचे एरवीचे रूप पुरते ठाऊक नसते. 'मला काही झालेले नाही' असे तो म्हणाला की त्यांना ते खरे वाटते, आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाही खरे वाटते. घरापासून दूर डोक्याला मार लागलेल्या माणसाला औषधाइतकीच निकड असते ती जागत्या सोबत्याची. या गोष्टीची प्रचीती देणारा एक प्रसंग १९६२ साली वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावर घडला. तो क्रिकेटच्या इतिहासात नोंदलेला असला तरी केवळ क्रिकेटचा नाही.

तो सांगण्यापूर्वी या दुखण्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. मेंदू हा अतिशय मऊ अवयव. निसर्गाने त्याला द्रवात ठेवून वर कवटीची कठीण पेटी बसविली आहे. डोक्याला जोराचा धक्का बसला म्हणजे कवटी एकदम हलते किंवा एकदम थांबते, आणि आतला मेंदू मात्र क्षणभर आपल्याच वेगाने चालू राहतो. त्यामुळे त्यातील नाजूक तंतू ताणले जातात आणि त्याचे व्यवहार काही काळ विस्कळीत होतात. यालाच वैद्यक 'कन्कशन' म्हणते. मेंदूला बसलेला हादरा, हे त्याचे साधे मराठी. दहाव्या शतकाच्या सुमारास इराणातील थोर वैद्य अल्-राझी याने हा हादरा आणि मेंदूची प्रत्यक्ष जखम यांत भेद केला. पुढे १२९६ मध्ये लान्फ्रांक नावाच्या शस्त्रवैद्याने आपल्या मोठ्या ग्रंथात तो भेद अधिक स्पष्ट केला. हा लान्फ्रांक मूळचा मिलानचा. राजकीय कलहात त्याला ते नगर सोडावे लागले, आणि त्याचा ग्रंथ पुरा झाला तो दूर पॅरिसमध्ये. डोक्याच्या मुक्या माराला ज्याने वाचा दिली, तो वैद्य स्वतःच परमुलखात दिवस काढीत होता.

साधा हादरा बहुधा आपोआप बरा होतो. खरा धोका निराळाच आहे. कवटीच्या आत एखादी रक्तवाहिनी फुटून रक्त साठू लागले, तर पहिल्या तासात त्याचा वेष साध्या हादऱ्यासारखाच असू शकतो. माणूस उठतो, चालतो, बोलतो. आणि तेवढ्या अवधीत आत साठणारे रक्त मेंदूला दाबीत असते. सौम्य आणि घातक अशी दोन दुखणी एकाच पोशाखात दाराशी उभी राहतात, आणि त्यांतले कोणते आत आले आहे हे काही वेळ जाईपर्यंत कळत नाही. म्हणून त्या वेळात सोबत हवी.

नरी कॉन्ट्रॅक्टर यांचा जन्म ७ मार्च १९३४ रोजी गोध्रा येथे झाला. डाव्या हाताने खेळणारे हे सलामीचे फलंदाज १९५५ पासून भारताकडून कसोटी सामने खेळू लागले. त्यांच्या जिद्दीची कसोटी १९५९ मध्ये लॉर्ड्‌सच्या मैदानावर लागली. इंग्लंडचे वेगवान गोलंदाज ब्रायन स्टॅथम यांचा चेंडू लागून त्यांच्या बरगड्या मोडल्या. तरीही मैदान न सोडता त्यांनी ८१ धावा केल्या. श्वास घेतानाही कळ यावी अशी ती दुखापत. पण बरगडी मोडली तरी ती बोलते. आपल्याला काय होते आहे हे माणसाला नेमके कळते, आणि ते सोसावयाचे की नाही हे त्याला ठरविता येते. तेथे धैर्याला वाव आहे. डोक्याच्या मारात धैर्याचा उपयोग इतका सरळ नसतो. किंबहुना तेथे धैर्यच पुष्कळदा माणसाला फसविते. कॉन्ट्रॅक्टर यांच्या आयुष्यात हे दोन्ही मार तीन वर्षांच्या अंतराने आले.

१९६१-६२ च्या हंगामात भारताने इंग्लंडविरुद्धची मालिका २-० अशी जिंकली. इंग्लंडवर मिळविलेला हा भारताचा पहिलाच मालिकाविजय होता, आणि त्या संघाचे कर्णधार होते कॉन्ट्रॅक्टर. त्या आनंदाच्या भरातच संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर निघाला. अटलांटिकच्या पलीकडच्या कडेला विखुरलेली ही बेटे मुंबईहून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर. पहिले दोन कसोटी सामने गमावून संघ मार्चमध्ये बार्बेडोस बेटावर, ब्रिजटाउन या शहरी आला. बार्बेडोस तेव्हा ब्रिटिश वसाहत होते. ते स्वतंत्र झाले १९६६ मध्ये. तिसऱ्या कसोटीपूर्वी तेथील केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारतीय संघाचा बार्बेडोसशी सामना होता.

१७ मार्च १९६२. चार्ली ग्रिफिथ यांच्या वेगवान गोलंदाजीपुढे कॉन्ट्रॅक्टर खेळत होते. फलंदाजाच्या समोर गोलंदाजामागे जो पांढरा पडदा असतो, तो त्या बाजूला नव्हता. त्याच क्षणी समोरच्या इमारतीतील एक खिडकी कोणी तरी उघडली आणि आपले लक्ष क्षणार्ध तिकडे गेले, असे कॉन्ट्रॅक्टर यांनी पुढे अनेकदा सांगितले. तेवढा क्षणार्ध पुरला. चेंडू उजव्या कानाच्या वर डोक्यावर आदळला. शिरस्त्राण घालून खेळण्याची पद्धत तेव्हा नव्हती. फलंदाजाच्या डोक्यावर असे ते केवळ केस किंवा कापडी टोपी.

कॉन्ट्रॅक्टर मैदानातून चालत बाहेर आले. पाहणाऱ्याला वाटावे, मोठे संकट टळले. पण थोड्याच वेळात नाकाकानांतून रक्त येऊ लागले आणि त्यांना घाईने रुग्णालयात हलवावे लागले. कवटीला भेग गेली होती आणि आत मेंदूवर दाब वाढत होता. आज अशा रोग्याच्या मेंदूचे चित्र काही मिनिटांत यंत्राच्या पडद्यावर पाहता येते. त्या वेळी तशी सोय जगात कोठेच नव्हती. त्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र इंग्लंडमधील विंबल्डन येथील रुग्णालयात घेतले गेले ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी. बेशुद्धीची खोली मोजण्याचे, आज जगभर वापरले जाणारे ग्लासगोचे कोष्टकही १९७४ चे. १९६२ मधील शल्यवैद्याजवळ होते ते आपले डोळे, आपली बोटे आणि आपला अनुभव. बाहुल्यांचा आकार बदलतो आहे का, नाडी मंदावते आहे का, हाक मारली तर ओ मिळते का, एवढ्यावरून कवटी उघडण्याचा निर्णय घ्यावयाचा.

ब्रिजटाउनमधील त्या रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ नव्हता. पण तज्ज्ञाची वाट पाहत बसले असते तर रोगी हाती लागला नसता. तेथील शल्यवैद्याने, आपले ते विशेष क्षेत्र नसतानाही, पहिली शस्त्रक्रिया करून दाब कमी केला. मग त्रिनिदादहून मेंदूचे शल्यविशारद विमानाने आले आणि दुसरी शस्त्रक्रिया झाली. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, असे आपण म्हणतो. ब्रिजटाउनला ती वेळ टळली याचे श्रेय त्या शल्यवैद्याला दिले पाहिजे. परक्या देशातून आलेल्या कर्णधारावर असा प्रयोग करून तो दगावला तर जबाबदारी केवढी, हा विचार बाजूला सारण्याचे धैर्य त्याने दाखविले.

शस्त्रक्रियेला रक्त हवे होते. घरी असते तर भाऊबंद, आप्तेष्ट रुग्णालयाच्या दाराशी रांग लावून उभे राहिले असते. येथे सोबत होती ती संघातील गड्यांची. नाशिकचे बापू नाडकर्णी, पुण्याचे चंदू बोर्डे, सोलापूरला जन्मलेले पॉली उम्रीगर यांनी रक्त दिले. दौऱ्याचे वृत्त देण्यासाठी गेलेले पत्रकार के. एन. प्रभू यांनीही दिले. आणि त्यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्या आधी, रक्त देण्यासाठी पुढे आले ते प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल. वॉरेल हे बार्बेडोसचेच सुपुत्र. ज्या मालिकेत त्यांचा संघ भारताला एकामागून एक सामन्यांत नमवीत होता, त्याच मालिकेत त्यांचे रक्त भारताच्या कर्णधाराच्या अंगात गेले. रक्ताचे नाते जन्मानेच जुळते असे मानण्याची आपली रीत आहे. ब्रिजटाउनच्या त्या खोलीत ते माणुसकीने जुळले.

कॉन्ट्रॅक्टर सहा दिवस शुद्धीवर नव्हते. बाहेरचे जग मात्र थांबले नाही. २३ मार्चला त्याच मैदानावर तिसरा कसोटी सामना सुरू झाला आणि कर्णधारपदाची धुरा उपकर्णधार मन्सूर अली खान पतौडी यांच्यावर आली. त्यांचे वय होते २१ वर्षे ७७ दिवस. तोवर एवढ्या लहान वयात कसोटी संघाचे नेतृत्व कोणीच केले नव्हते. विशेष असे की हा तरुणही परमुलखातील अपघाताची खूण वागवीत होता. १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमध्ये होव्ह येथे झालेल्या मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. एका जखमी प्रवाशाच्या हातातील निशाण दुसऱ्या जखमी प्रवाशाने उचलले. भारताने त्या मालिकेतील पाचही सामने गमावले. तरी पाठोपाठच्या पोर्ट ऑफ स्पेनच्या सामन्यात उम्रीगरांनी नाबाद १७२ धावा केल्या, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आजाऱ्याला रक्त देऊन हे गडी पुन्हा त्याच वेगवान माऱ्यापुढे उभे राहत होते.

मायदेशी परतल्यावर कॉन्ट्रॅक्टर यांच्यावर वेल्लोर येथे आणखी एक शस्त्रक्रिया झाली. भारतातील पहिला मेंदू-शल्यचिकित्सा विभाग तेथे डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये सुरू केला होता. चांडींनी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीच्या उघड्या भागावर धातूचा पत्रा बसविला. तो त्यांनी साठ वर्षे डोक्यात वागविला. १९६२ साली बसविलेला तो पत्रा २०२२ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८८ व्या वर्षी, मुंबईत काढण्यात आला. एवढ्या दुखापतीनंतर ते पुन्हा बॅट घेऊन मैदानात उतरले आणि देशांतर्गत सामने पुढे अनेक वर्षे खेळले. कसोटी सामना मात्र त्यांच्या वाट्याला पुन्हा आला नाही. एकतीस कसोटी सामन्यांवर तो हिशेब थांबला. 'शिर सलामत तो पगडी पचास' अशी म्हण आहे. येथे शिर सलामत राहिले, परंतु कर्णधारपदाची पगडी एकदा उतरली ती उतरलीच. या अन्यायाबद्दल त्यांना ग्रिफिथ यांच्यावर राग धरता आला असता. कारण ग्रिफिथ यांची गोलंदाजी नियमात बसते की नाही याविषयी त्या काळी वाद चालू होता आणि त्याच सामन्यात पुढे पंचांनी त्यांचा एक चेंडू सदोष ठरविलाही. पण कॉन्ट्रॅक्टर यांनी दोष दिला तो आपल्या त्या क्षणार्धाच्या अनवधानाला. परमुलखातील दुखण्याच्या आठवणी बहुधा कडवट असतात. या माणसाने त्यातला कडवटपणा तेथेच सोडून दिला.

सर्वांच्याच नशिबी असा शेवट नसतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये भारताचे माजी कसोटीपटू रमण लांबा ढाक्यात एका स्थानिक संघाकडून खेळत होते. २० तारखेला फलंदाजाच्या अगदी जवळ, शिरस्त्राणाशिवाय क्षेत्ररक्षण करीत असताना फटकावलेला चेंडू त्यांच्या डोक्याला लागला. तेही मैदानातून आपल्या पायांनी चालत बाहेर गेले. प्रथम त्यांची दुखापत फारशी गंभीर वाटली नाही. पण आत रक्तस्राव होत होता. प्रकृती झपाट्याने ढासळली. शस्त्रक्रिया झाली, दिल्लीहून तज्ज्ञ बोलावण्यात आले. आणि २३ फेब्रुवारीला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ब्रिजटाउन आणि ढाका या दोन मैदानांमध्ये छत्तीस वर्षांचे अंतर आहे. एका ठिकाणी माणूस वाचला, दुसऱ्या ठिकाणी गेला. दोन्हीकडे तो चालत बाहेर आला होता, हे मात्र समान. आपल्या पायांनी चालणे हा डोके शाबूत असल्याचा पुरावा नव्हे, एवढा धडा या दोन घटना मिळून शिकवितात.

हा धडा पचनी पडावयास फार काळ लागला. कसोटी सामन्यात शिरस्त्राण प्रथम दिसले ते मार्च १९७८ मध्ये, ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम यॅलप यांच्या डोक्यावर. योगायोग असा की तो सामनाही ब्रिजटाउनलाच झाला आणि त्याची सुरुवात झाली १७ मार्चला. कॉन्ट्रॅक्टर यांना चेंडू लागला त्याला त्या दिवशी बरोबर सोळा वर्षे झाली होती. शिरस्त्राण कवटीला वाचविते; आतल्या मेंदूचा हादरा ते पुरता थांबवू शकत नाही. म्हणून पुढचे पाऊल टाकावे लागले ते नियमांच्या पुस्तकात. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. त्याच महिन्यात या नियमाची गरज भासली. लॉर्ड्‌सवर ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर जोफ्रा आर्चर यांचा चेंडू बसला. तपासणीत तेव्हा दोष आढळला नाही. ते पुन्हा खेळावयास आले आणि ९२ धावा करून बाद झाले. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणे जाणवू लागली. वैद्यांनी त्यांना सामन्याबाहेर काढले, आणि त्यांच्या जागी मार्नस लाबुशेन खेळले.

लॉर्ड्‌सच्या या दोन चित्रांवरून काळ किती बदलला ते दिसते. १९५९ मध्ये मोडक्या बरगड्यांनी खेळणाऱ्या कॉन्ट्रॅक्टर यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. २०१९ मध्ये स्मिथ यांना बाहेर बसविले गेले, तेही तितकेच योग्य होते. खेळावयाचे की थांबावयाचे हा निर्णय आता एकट्या जखमी माणसावर सोपविलेला नाही. कारण ज्या साधनाने निर्णय घ्यावयाचा ते साधनच दुखावलेले असते, हे वैद्यकाने आणि खेळाने मान्य केले आहे.

मैदानावरच्या खेळाडूभोवती वैद्य असतो, संघ असतो, हजारो डोळे असतात. पण शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेली मुलगी, दूरच्या शहरात बांधकामावर राबणारा मजूर, बदलीच्या गावी एकटा राहणारा कारकून, यांच्याभोवती असे कोण असते? न्हाणीघरात पाय घसरतो, दुचाकीवरून तोल जातो, डोके आपटते. चार माणसे उचलून बसवितात, पाणी देतात, 'बरे वाटते ना?' असे विचारतात. तो 'बरे आहे' म्हणतो आणि खोलीवर जाऊन दार लावून झोपतो. या कहाणीतील सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे आतून लावलेली ती कडी. पहिला दिवस आणि पहिली रात्र तरी कोणी तरी जवळ असले पाहिजे. वारंवार उलटी होणे, डोकेदुखी वाढत जाणे, बोलणे अडखळणे, हातापायांतील शक्ती कमी होणे, झटका येणे, जागे केले तरी नीट जाग न येणे, यांपैकी काहीही दिसले तर घटकाभराचाही विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे. मद्य वर्ज्य. तसे काही नसले तर एक-दोन दिवस शरीराला आणि बुद्धीला विसावा द्यावा, आणि मग हळूहळू नेहमीच्या कामाकडे वळावे. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. मात्र पुन्हा डोके आपटण्याचा संभव असलेले खेळ आणि कामे वैद्याच्या संमतीवाचून सुरू करू नयेत.

कित्येकांचे डोके नंतरही काही आठवडे जड राहते. वाचताना अक्षरे ठरत नाहीत, गोंगाट सोसवत नाही, चिडचीड होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो, आणि घरी पत्र किंवा फोन करताना तो माणूस 'उगीच काळजी नको' म्हणून सारे लपवितो. मुका मार येथे दुसऱ्यांदा मुका होतो. घरी कळविणे यात कमीपणा कसला? दूरच्या आईच्या कानाला आवाजातला फरक पुष्कळदा जवळच्या माणसाच्या आधी कळतो.

फ्रँक वॉरेल यांना १९६४ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. १३ मार्च १९६७ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते रक्ताच्या कर्करोगाने गेले. ज्याने परक्याला रक्त दिले, त्याला स्वतःच्या रक्तानेच दगा दिला. पण त्याने दिलेले रक्त वाहते राहिले आहे. बंगालच्या क्रिकेट संघटनेने १९८१ मध्ये त्यांच्या नावाने रक्तदानाचा दिवस पाळण्यास आरंभ केला. ३ फेब्रुवारी हा तो दिवस. ज्यांनी वॉरेल यांचा खेळ कधी पाहिला नाही असे शेकडो तरुण कोलकात्यात त्या नावाखाली रक्त देत आले आहेत. ते रक्त कोणाच्या अंगात जाईल, तो माणूस कोणत्या गावचा, कोणती भाषा बोलणारा, हे देणाऱ्याला ठाऊक नसते. वॉरेल यांना तरी ब्रिजटाउनच्या खाटेवरील त्या पाहुण्याची भाषा कोठे येत होती?